एकाच नावाच्या दोन युद्धनौका : १९७१ ची 'राजपूत' कोणती?

प्रश्न — वाचनालय_कर्वेनगर

नमस्कार. नौदल दिनाच्या निमित्ताने ४ डिसेंबरच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या वाचनालयात १९७१ च्या युद्धातील भारतीय नौदलाच्या कामगिरीवर एक छोटे प्रदर्शन भरवायचे ठरले आहे. चित्रांखालचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सभासदांनी घरातली जुनी छायाचित्रे, कात्रणे आणि पत्रे मोठ्या विश्वासाने आणून दिली आहेत, त्यामुळे एकही ओळ चुकीची जाऊ नये अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी की नौकांची नावे जुळतात, पण साले जुळत नाहीत. माझे थोरले मामा त्या काळी नौदलात होते. त्यांच्या एका छायाचित्रामागे पेन्सिलीने 'राजपूत, विशाखापट्टणम' एवढेच लिहिले आहे, आणि ते १९७१ च्या आसपासचे असल्याचे घरात सगळे सांगतात. मात्र आंतरजालावर 'आयएनएस राजपूत' शोधली की ती १९८० साली सेवेत दाखल झाल्याची माहिती समोर येते. छायाचित्रात सात-आठ नाविक एका तोफेजवळ बसले आहेत, तोफेच्या पोलादी ढालीची मागची बाजू पूर्ण उघडी आहे आणि मागे एकच धुरांडे दिसते. 'खुकरी'च्या बाबतीतही असाच घोळ आहे. एका सभासदांनी दिलेल्या रंगीत छायाचित्रात नौकेच्या बाजूवर ४९ हा आकडा स्पष्ट दिसतो आणि हीच १९७१ मध्ये बुडालेली खुकरी, असे त्यांचे म्हणणे आहे. 'विक्रांत'ची तर किती छायाचित्रे आली आहेत आणि त्यातली कोणती कोणत्या विक्रांतची, हे ठरवणे मला जमलेले नाही.

एकाच नावाच्या दोन नौका ओळखायच्या कशा आणि त्यांची नोंद कशी करायची, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर — निवृत्त नाविक, वानवडी

ताई, आपल्या घरातली आठवण बरोबर आहे आणि आंतरजालावरचे सालही बरोबर आहे, कारण भारतीय नौदलात राजपूत नावाच्या दोन विनाशिका होऊन गेल्या. आपल्या मामांची नौका ही पहिली.

पहिली राजपूत म्हणजे ब्रिटिश नौदलाची 'रॉदरहॅम'. ती स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत बांधली गेली, १९४२ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि दुसरे महायुद्ध पाहून १९४९ मध्ये ती भारताकडे आली. तिच्याच वर्गातल्या 'रिडाउट' आणि 'रेडर' या दोन विनाशिका तिच्यासोबत आपल्याकडे आल्या व अनुक्रमे 'रणजित' आणि 'राणा' झाल्या. १९७६ मध्ये राजपूत सेवेतून निवृत्त झाली. दुसरी राजपूत सोव्हिएत बनावटीची होती. ती ४ मे १९८० रोजी जॉर्जियातील पोती बंदरात आपल्या नौदलात दाखल झाली, ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या सुरुवातीच्या चाचण्यांसाठी तिचा उपयोग झाला आणि २१ मे २०२१ रोजी विशाखापट्टणम येथे तिला निरोप देण्यात आला. रणजित आणि राणा ही नावेही पुढे याच सोव्हिएत वर्गातल्या नौकांना मिळाली, त्यामुळे आपल्याकडे या दोन नावांचे काही आले असल्यास तेथेही हाच पेच पडेल.

आता छायाचित्राकडे पाहू. आपण तोफेच्या ढालीचे जे वर्णन केले आहे, त्यावरूनच निकाल लागतो. जुन्या राजपूतवर ४.७ इंची चार तोफा होत्या, दोन पुढे आणि दोन मागे. प्रत्येक तोफेपुढे पोलादी ढाल असे, पण मागची बाजू उघडी असे आणि तोफेवरचे नाविक वाऱ्यापावसात तसेच उभे राहून हातांनी गोळा भरत. सोव्हिएत राजपूतची तोफ बंद बुरुजात होती, तेथे मागे बसून असे छायाचित्र काढताच आले नसते. दुसरी खूण धुरांड्याची. जुनी राजपूत वाफेवर चालणारी, बॉयलर दोन आणि धुरांडे एकच. नवी राजपूत गॅस टर्बाइनवर चालणारी, तिची धुरांडी जोडी-जोडीने दोन ठिकाणी होती. आपल्या छायाचित्रात एकच धुरांडे दिसत असेल, तर शंकेला जागा उरत नाही.

मामांच्या नौकेबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती प्रदर्शनात यायलाच हवी. १९७१ च्या नोव्हेंबरात पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी विक्रांतच्या शोधात बंगालच्या उपसागरात येत होती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला गुपचूप अंदमानकडे धाडले आणि जुन्या राजपूतला विक्रांतचे सोंग घ्यायला लावले. राजपूतने समुद्रावर जाऊन विमानवाहू नौकेला साजेशी मोठी बिनतारी वर्दळ चालू ठेवली. विशाखापट्टणमच्या बाजारात मोठ्या ताफ्याला पुरेल एवढ्या शिध्याची मागणी नोंदवली गेली. एवढेच नव्हे, तर विक्रांतवरील एका नाविकाने आईच्या प्रकृतीची चौकशी करावी तशी खासगी तार मुद्दाम उघड पाठवण्यात आली, म्हणजे ऐकणाऱ्याला विक्रांत जवळच असल्याची खात्री पटावी. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास राजपूत बंदराबाहेर पडत असताना तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांना पुढच्या पाण्यात संशयास्पद खळबळ दिसली, त्यांनी त्या जागी पाणसुरुंग (पाणबुडीविरुद्ध टाकायचे, पाण्यात खोलवर फुटणारे 'डेप्थ चार्ज') टाकले, आणि गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशीच बुडाली. तिच्या शेवटाचे कारण भारत आणि पाकिस्तान वेगवेगळे सांगतात. भारतीय बाजू श्रेय राजपूतच्या पाणसुरुंगांना देते, तर पाकिस्तानी बाजू सुरुंग किंवा अपघाती स्फोट असे म्हणते. मजकुरात हे दोन्ही यावे, असे मला वाटते.

म्हणूनच या चित्राखाली चुकूनही १९८० साल पडता कामा नये. तसे झाले, तर महायुद्धातल्या तीस वर्षे जुन्या नौकेवर उभे राहून ज्यांनी ही जोखीम पत्करली, त्यांचे श्रेय त्या वेळी बांधलीही न गेलेल्या नौकेच्या खात्यात जाईल.

उत्तर — नौकाशिल्पी, सदाशिव पेठ

मी युद्धनौकांच्या प्रतिकृती करतो, त्यामुळे या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध आहे. वानवडीच्या काकांनी सांगितलेल्या खुणा अचूक आहेत. त्यात नौकेच्या बाजूवर रंगवलेल्या पेनंट क्रमांकाची भर घालतो.

आपल्या रंगीत छायाचित्रातली खुकरी ही दुसरी खुकरी आहे. पहिली खुकरी इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट बेटावर बांधलेली फ्रिगेट (विनाशिकेहून लहान युद्धनौका), १९५८ मध्ये दाखल झालेली, क्रमांक एफ १४९. दुसरी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली कॉर्व्हेट (फ्रिगेटहूनही लहान युद्धनौका), २३ ऑगस्ट १९८९ रोजी दाखल झालेली, क्रमांक पी ४९. शेवटचे दोन आकडे तेच आहेत, आणि हा योगायोग नसावा, कारण पहिल्या खुकरीच्या भगिनी नौका 'किरपाण' एफ १४४ आणि 'कुठार' एफ १४६ होत्या, तर नव्या किरपाणला पी ४४ आणि नव्या कुठारला पी ४६ हेच क्रमांक मिळाले. 'तलवार' आणि 'त्रिशूल' यांचेही तसेच. १९७१ मध्ये कराचीवरच्या दुसऱ्या हल्ल्यात 'विनाश' या क्षेपणास्त्र नौकेसोबत गेलेल्या तलवार आणि त्रिशूल एफ १४० व एफ १४३, तर २००३ मध्ये रशियातून आलेल्या एफ ४० व एफ ४३. क्रूझर 'म्हैसूर' सी ६० होती आणि १९९९ ची विनाशिका म्हैसूर डी ६० आहे. त्यामुळे छायाचित्रात आकडा दोन अंकी आहे की तीन अंकी, हे भिंग लावून पाहावे.

विक्रांतच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये दाखल झालेली जुनी विक्रांत आर ११ होती आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे दाखल झालेली नवी विक्रांतही आर ११ च आहे. 'जयेम सं युधि स्पृधः' हे ऋग्वेदातले ब्रीदही दोघींचे एकच. पुष्कळ लोक सांगतात की पुढचा भाग वर उचललेला दिसला, म्हणजे ती नवी विक्रांत. हेही पुरेसे नाही, कारण १९८० च्या दशकातल्या मोठ्या दुरुस्तीत जुन्या विक्रांतवरही सी हॅरिअर विमानांसाठी तसा उतार बांधला होता. सर्वांत खात्रीची खूण डेकवरच्या विमानांची. सी हॉक किंवा अलिझे दिसली, तर ती जुनी विक्रांत, आणि १९७१ मध्ये कॉक्स बाझार व चितगाववर हल्ले करणारी विमाने हीच. सी हॅरिअर दिसली, तर जुनीच, पण युद्धानंतरची. मिग-२९के दिसली, तर नवी. विमाने नसतील तर आकारावरून ठरवावे : जुनी सुमारे २१३ मीटर लांब, नवी २६२ मीटर, आणि नवीचा डेकवरचा मनोरा कितीतरी मोठा.

जुनी विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली, पुढे काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि अखेर मोडीत निघाली. तिच्या पोलादाचा काही अंश वापरून आपल्या आकुर्डीच्या बजाज कंपनीने २०१६ मध्ये 'व्ही' ही मोटारसायकल आणली होती. सभासदांपैकी कोणाकडे ती असेल, तर प्रदर्शनाच्या दाराशी अवश्य उभी करावी.

वाचनालय_कर्वेनगर

आपणा दोघांची अत्यंत आभारी आहे. भिंगातून पाहिले, तर एका कृष्णधवल चित्रात १४९ सापडले, तेव्हा पहिल्या खुकरीचे चित्रही आमच्याकडे आहे. चित्रांखाली 'राजपूत (पहिली)', 'खुकरी (दुसरी)' असे लिहावे, असा विचार आहे.

आणखी एक विचारते. जी नौका एवढी माणसे घेऊन बुडाली, तिचे नाव नव्या नौकेला का देतात? आमच्याकडच्या एका ज्येष्ठ सभासदांना ते अशुभ वाटते, आणि त्यांच्या भावनेचा मला आदर आहे.

उत्तर — इतिहास_शिक्षिका, कोथरूड

अशुभ वाटणे स्वाभाविक आहे, पण नौदले याकडे अगदी उलट्या बाजूने पाहतात, आणि मला स्वतःला त्यांचीच बाजू पटते.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीच्या टॉर्पेडोने खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. समजा, हे नाव त्याच रात्री कायमचे बंद केले असते, तर ते फक्त एका पराभवाच्या नोंदीत उरले असते. त्याऐवजी १९८९ पासून २३ डिसेंबर २०२१ पर्यंत बत्तीस वर्षे ते नाव समुद्रावर फिरत राहिले, त्या नौकेवर रुजू होणाऱ्या प्रत्येक तरुण नाविकाला मुल्ला कोण होते हे समजून घ्यावे लागले, आणि निवृत्तीनंतर तीच नौका संग्रहालयासाठी दीव प्रशासनाला देण्यात आली. पहिल्या खुकरीचे स्मारकही दीवलाच आहे. ज्या किनाऱ्यासमोर पहिली बुडाली, तेथे आज दुसरी उभी आहे आणि लोक तिच्यावर चढून आतली यंत्रे, नाविकांच्या निजण्याच्या अरुंद जागा पाहतात. आपल्या ज्येष्ठ सभासदांना हे जरूर सांगावे.

जगभरच्या नौदलांत ही रीत आहे. सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या 'लेक्सिंग्टन'चे. ही विमानवाहू नौका ८ मे १९४२ रोजी कोरल समुद्राच्या लढाईत बुडाली. मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथील ज्या गोदीत ती बांधली होती, त्याच गोदीत तेव्हा 'कॅबट' नावाची नवी विमानवाहू नौका तयार होत होती. तेथल्या कामगारांनीच मागणी केली की हिला लेक्सिंग्टन हे नाव द्या, आणि सरकारने ते मान्य केले. फेब्रुवारी १९४३ मध्ये, म्हणजे जुनी बुडाल्यापासून वर्षाच्या आत, नवी लेक्सिंग्टन सेवेत होती. १९४२ मध्येच गमावलेल्या 'यॉर्कटाउन', 'वॉस्प' आणि 'हॉर्नेट' यांची नावेही अशीच बांधकाम चालू असलेल्या नौकांना दिली गेली. शत्रूने नौका बुडवली, पण नाव बुडवू दिले नाही, अशी त्या कामगारांची जिद्द होती. बुडालेल्या नौकेवर त्यांच्या हातचे पोलाद होते, म्हणून ही मागणी वरून न येता गोदीतून आली, हे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर — अभिलेख_प्रेमी, औंध

नावाच्या परंपरेबद्दल वरील मताशी मी सहमत आहे. 'पहिली' आणि 'दुसरी' असे लिहिण्याला मात्र माझा विरोध आहे, आणि तो नोंदवणे आवश्यक वाटते, कारण अशा क्रमांकांमुळे पुढे गोंधळ वाढतो.

'गोदावरी'चे उदाहरण घ्या. फाळणीपूर्वीच्या रॉयल इंडियन नेव्हीत गोदावरी नावाची युद्धनौका होती. १९४७ च्या वाटणीत ती पाकिस्तानकडे गेली आणि तिचे नाव 'सिंध' झाले. त्यानंतर भारताने ब्रिटनची 'बिडेल' ही छोटी विनाशिका घेतली आणि तिचे नाव गोदावरी ठेवले. पुढे १९८३ मध्ये माझगाव गोदीत बांधलेली फ्रिगेट गोदावरी आली. आता १९८३ ची गोदावरी दुसरी की तिसरी? फाळणीपूर्वीचे नौदल मोजणारा तिसरी म्हणेल, स्वतंत्र भारताचे मोजणारा दुसरी म्हणेल, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. वाचणाऱ्याच्या हाती मात्र काहीच लागणार नाही.

त्याऐवजी सेवेत दाखल झाल्याचे वर्ष, नौकेचा प्रकार आणि परदेशातून आलेली असल्यास तिचे आधीचे नाव, एवढे लिहिले की पुरते. 'आयएनएस राजपूत, विनाशिका, १९४९, पूर्वीची रॉदरहॅम' या एका ओळीत कोणतीही शंका शिल्लक राहत नाही. आधीचे नाव लिहिण्याचा दुसरा लाभ असा की त्यातून आणखी एक इतिहास उघडतो. आपल्याकडे क्रूझर 'दिल्ली'चे चित्र आले असेल, तर ती पूर्वीची 'अकिलीस' आहे, म्हणजे १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर जर्मनीच्या 'ग्राफ श्पे' या बलाढ्य नौकेशी झुंजलेल्या तीन क्रूझरपैकी एक. न्यूझीलंडचे नाविक तिच्यावर लढले होते. १९४८ मध्ये ती भारताकडे आली आणि १९६१ च्या दीव मोहिमेतही तिने भाग घेतला. १९९७ ची विनाशिका दिल्ली पूर्णपणे वेगळी, माझगाव गोदीत बांधलेली.

प्रतिपक्षाच्या नौकांनाही हाच नियम लावावा. १९७१ मध्ये बुडालेली गाझी ही अमेरिकेची जुनी 'डायब्लो'. पाकिस्तानने पुढे १९७५ मध्ये पोर्तुगालकडून एक पाणबुडी घेतली आणि तिचे नावही गाझीच ठेवले. ती फ्रेंच डॅफ्ने वर्गातली असल्याने दिसायला हंगोरसारखी आहे, तेव्हा आंतरजालावरून चित्र घेताना विशेष सांभाळावे.

अजून एक बारकावा : २६ जानेवारी १९५० पूर्वीच्या कागदांवर 'एचएमआयएस' हे आद्याक्षर असते आणि त्यानंतर 'आयएनएस'. साल न लिहिलेल्या कागदांची प्राथमिक विभागणी त्यावरून करता येते.

उत्तर — निवृत्त नाविक, वानवडी

औंधच्या मित्रांची सूचना मला मान्य आहे, वर्ष आणि आधीचे नाव लिहिणेच योग्य. आद्याक्षराचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट जोडतो, कारण पुण्याच्या आसपासच्या लोकांचा येथे नेहमी गोंधळ होतो. 'आयएनएस' लिहिलेले प्रत्येक नाव समुद्रावरच्या नौकेचे नसते. नौदलाच्या जमिनीवरच्या संस्थांनाही हेच आद्याक्षर लागते. लोणावळ्याची 'आयएनएस शिवाजी' ही इंजिनिअरिंगचे शिक्षण देणारी संस्था आहे, १९४५ पासून ती तेथेच आहे आणि यंत्रविभागातले आम्ही सगळे तेथूनच घडलो. सभासदांच्या कागदांत कोणाची नेमणूक 'शिवाजी'वर असल्याचे दिसले, तर त्याचा अर्थ ते त्या वेळी लोणावळ्यात होते असा घ्यावा.

'तलवार'च्या बाबतीत ही दक्षता सर्वांत महत्त्वाची. १९७१ मध्ये कराचीकडे गेलेली तलवार ही फ्रिगेट होती आणि २००३ ची तलवारही फ्रिगेट आहे. पण १८ फेब्रुवारी १९४६ रोजी जेथून नाविकांचा उठाव सुरू झाला, ती 'एचएमआयएस तलवार' म्हणजे मुंबईत कुलाब्याला असलेली, बिनतारी संदेशवहनाचे शिक्षण देणारी जमिनीवरची संस्था होती. अन्न, वागणूक आणि स्वाभिमान यांवरून तेथल्या नाविकांनी काम थांबवले आणि ते लोण बंदरातल्या नौकांवर आणि कराचीपर्यंत पसरले. प्रदर्शनात १९४६ चा उल्लेख करणार असाल, तर त्या मजकुराशेजारी फ्रिगेटचे चित्र लावू नये. बराकीचे किंवा रस्त्यावर उतरलेल्या नाविकांचे जुने छायाचित्र मिळाले तर ते लावावे, न मिळाल्यास जागा मजकुरालाच द्यावी.

मामांच्या छायाचित्रातल्या इतर नाविकांची नावे घरात कोणाला आठवत असतील, तर तीही आत्ताच लिहून घ्यावीत. जुन्या राजपूतवर काम केलेले माझ्या ओळखीचे दोघे खडकीत राहतात. आपली हरकत नसेल, तर छायाचित्राची प्रत त्यांना दाखवून मी विचारून पाहतो.